१८२ किलोमीटर आणि मध्ये एकही दुकान नाही: वाळवंटात सायकलवरचा एक दिवस कसा जातो?

फूटपट्टीने आखल्यासारखा सरळ डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना खुरटी झुडपं, वर निळंशार आभाळ आणि मधोमध सामानाने लादलेली एक सायकल. असा फोटो सोशल मीडियावर आला की लाइक्सचा पाऊस पडतो. 'नोकरी सोडून हेच करायला पाहिजे' अशा कमेंट येतात.

पण त्या फोटोत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दिसतच नाही. ती म्हणजे त्या क्षणी सायकलवर किती पाणी शिल्लक आहे आणि पुढचा नळ किती तासांवर आहे.

इथे 'किती किलोमीटरवर' असं न म्हणता 'किती तासांवर' असं म्हटलंय, ते मुद्दाम. वाळवंटात सायकल चालवणाऱ्याचा अख्खा दिवस याच फरकाभोवती फिरतो. कसा, ते समजून घेण्यासाठी ऑस्ट्रेलियातल्या एका प्रसिद्ध रस्त्यावरचा एक दिवस पाहू.

कुठे आहे हा रस्ता?

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यालगत नलारबोर नावाचं प्रचंड मोठं पठार आहे. क्षेत्रफळ साधारण दोन लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास दोन तृतीयांश. लॅटिन भाषेत 'नुलुस' म्हणजे एकही नाही आणि 'आर्बोर' म्हणजे झाड. त्यावरून हे नाव पडलं. हायवेवरून जाताना बऱ्याच ठिकाणी झाडंझुडपं दिसतात, पण सावलीला बसावं असं झाड शोधावं लागतं.

वर्षाचा पाऊस साधारण अडीचशे मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. मुंबईत अतिवृष्टीच्या एका दिवसात एवढा पाऊस पडून गेल्याची उदाहरणं आहेत. त्यात इथली जमीन चुनखडीची. पडलेलं पाणी भेगांमधून थेट जमिनीखालच्या गुहांमध्ये उतरतं. त्यामुळे नदी नाही, ओढा नाही, तळंही नाही.

या भागातून एअर हायवे जातो. रस्ता उत्तम डांबरी आहे. अडचण आहे ती थांब्यांची. इथे गावं नाहीत, रोडहाऊस आहेत. पेट्रोल पंप, खानावळ आणि मुक्कामाच्या खोल्या असं सगळं एकाच ठिकाणी. बॅलाडोनिया आणि कायगुना या दोन रोडहाऊसमध्ये १८२ किलोमीटर अंतर आहे आणि मध्ये एकही दुकान नाही. त्यातले शेवटचे १४६.६ किलोमीटर रस्त्याला एकही वळण नाही. मुंबई ते पुणे जेवढं अंतर, जवळपास तेवढं नाकासमोर सरळ! ऑस्ट्रेलियातल्या सगळ्यात लांब सरळ रस्त्यांपैकी हा एक. त्याला 'नाइन्टी माइल स्ट्रेट' म्हणतात.

समजा ऑक्टोबर महिना आहे. एक सायकलस्वार बॅलाडोनियाहून पूर्वेला कायगुनाकडे निघतोय.

पहाटे ४ वाजता: आधी पाण्याचा हिशोब

बाहेर स्वेटर लागेल इतका गारवा आहे. तंबू आवरून होतो आणि पाणी भरायला सुरुवात होते. बाटल्या, दुमडता येणाऱ्या पाण्याच्या पिशव्या, मिळेल त्या भांड्यात मिळून १२ लिटर.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. पंधरा-सोळा किलोची सायकल, वीसेक किलो सामान आणि त्यावर १२ किलो पाणी. मग थोडं कमी का नेऊ नये? याचं उत्तर शरीराच्या कारभारात आहे.

आपण खाल्लेल्या अन्नातल्या ऊर्जेचा जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा पायडलपर्यंत पोचतो. बाकीची सगळी उष्णता बनते. मध्यम वेगाने सायकल चालवणाऱ्याच्या अंगात तासाला साधारण ३०० किलोकॅलरी उष्णता तयार होते. ती बाहेर टाकली नाही तर शरीर तापत जाईल. ती बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे नुसत्या पायडल मारण्याच्या बदल्यात तासाला अर्धा लिटर पाणी गेलंच. वरचं ऊन आणि खालून तापलेलं डांबर यांचा हिशोब वेगळा. कडक उन्हात तासाला एक लिटर किंवा त्याहून जास्त घाम जाऊ शकतो.

खाण्याच्या निवडीतही पाणी आडवं येतं. भात, डाळ, नूडल्स, सगळ्याला शिजवायला पाणी लागतं. म्हणून दिवसा पीनट बटर लावलेल्या पोळीसारख्या टॉर्टिया, सुकामेवा, डब्यातले मासे असं चालतं. गरम जेवण फक्त रात्री.

सकाळी ५ ते १०: कमाईचे तास

फटफटलं की सायकल निघते. वाळवंटातल्या सायकलस्वारासाठी हे पाच तास सोन्याचे. ऊन कोवळं असतं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे वारा पडलेला असतो.

३५ किलोमीटर झाले की सरळ रस्ता सुरू झाल्याची मोठी पाटी येते. तिथे फोटो काढला जातो. मग पुढे वळणच नाही. सपाट जमिनीवर उभ्या माणसाला क्षितिज जेमतेम साडेचार किलोमीटरवर दिसतं. तिथपर्यंत पोचलं की पुढे पुन्हा तेच साडेचार किलोमीटर. घाट चढताना माथा आला की कळतं, उतारावर आराम मिळतो. इथे तसला काही टप्पाच नाही. शरीराची ठेवणही तासन्‌तास तीच राहते. त्यामुळे हाताचे पंजे बधिर होतात आणि बसायच्या जागी कातडी सोलवटते. म्हणून अनेक जण गरज असो वा नसो, दर तासाला उतरून चार पावलं चालतात.

लक्ष ठेवावं लागतं ते आरशात. या रस्त्यावर 'रोड ट्रेन' धावतात. एका ट्रकला मागे जोडलेले अनेक ट्रेलर, एकूण लांबी ३६.५ मीटरपर्यंत. म्हणजे आपल्या तीन एसटी एकामागे एक लावल्या तरी कमीच. अशी गाडी शेजारून गेली की हवा आधी बाहेर ढकलते आणि मग आत ओढते. समोरून एक आणि मागून एक अशा दोन गाड्या एकाच वेळी येत असतील, तर नियम साधा आहे: वाट बघायची नाही, थेट खडीवर उतरायचं. काही जण जवळ छोटा वॉकीटॉकी ठेवतात, ट्रकवाल्यांच्या चॅनलवर आपण कुठे आहोत ते सांगायला.

पंक्चरची कारणंही इथली खास. ट्रकचे टायर फुटून रस्त्याकडेला पडतात आणि त्यांच्यातल्या बारीक तारा सायकलच्या टायरमध्ये घुसतात. रस्त्याकडेला सायकल लोटली तर काटे आहेतच. आपल्याकडच्या सराट्यांचे हे भाऊबंद.

आणि माश्या! तोंडावर जाळी घेतल्याशिवाय थांबणं अवघड. त्या चावत नाहीत, त्यांना हवा असतो डोळ्यांतला, नाकातला आणि तोंडाजवळचा ओलावा.

दहा वाजले. ८० किलोमीटर झाले. तासाला ०.६ लिटर या हिशोबाने तीन लिटर पाणी संपलं, नऊ शिल्लक. अजून १०२ किलोमीटर बाकी. सगळं छान चाललंय. आणि इथेच वारा सुटतो.

सकाळी १०: दिवसाचा सगळ्यात मोठा निर्णय

वारा नेमका याच वेळी का सुटतो? रात्री थंड हवा जमिनीलगत चिकटून बसते. वरच्या थरात वारा असला तरी तो खाली येत नाही. ऊन वर आलं की जमीन तापते, खालची हवा वर जायला लागते आणि वरच्या थरातला जोरदार वारा खाली उतरतो. आजचा वारा ईशान्येचा. आतल्या वाळवंटावरून आलेला, कोरडा, गरम आणि तोंडावर.

हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शांत हवेत ताशी १८ किलोमीटर वेगाने जाणाऱ्यावर तेवढ्याच वेगाचा वारा समोरून आला, तर अडथळा दुप्पट होत नाही, चौपट होतो. पाय तेवढेच, ताकद तेवढीच. मग वेग खाली येतो, ताशी दहावर.

आता हिशोब मांडू. आकडे उदाहरणादाखल आहेत. माणसागणिक आणि तापमानागणिक ते बदलतील. पण हिशोबाची रीत हीच.

पर्याय पहिला: 'जिद्दीने' पुढे जायचं. १०२ किलोमीटर, ताशी १०, म्हणजे १० तासांहून जास्त. भर उन्हात तासाला ०.८ लिटर पकडलं तरी आठ लिटर संपले. पोचायला रात्रीचे आठ वाजून जाणार. वारा आणखी वाढला, एखादं पंक्चर झालं किंवा कुठे थांबावं लागलं, तर रात्रीला पाणीच नाही.

पर्याय दुसरा: थांबायचं. झुडपाला आणि सायकलला ताडपत्री बांधून सावली करायची आणि दुपारी चारपर्यंत पडून राहायचं. निवांत पडलेल्या माणसाला तासाला पाव लिटर पुरतं असं धरू. सहा तासांत दीड लिटर, शिल्लक साडेसात. चार ते सहा, दोन तासांत रडतखडत २२ किलोमीटर आणि दीड लिटर पाणी. शिल्लक सहा. स्वयंपाक, पिणं आणि रात्र मिळून दोन लिटर. शिल्लक चार. उरले ८० किलोमीटर. ते दुसऱ्या दिवशी पहाटे, वारा पडलेला असताना, पाच तासांत होतील. त्याला तीन लिटर लागतील. कायगुनाला पोचताना एक लिटर हातात.

अंतर तेच, पाणी तेच, माणूसही तोच. पहिल्या पर्यायात थोडीशी गडबडही महागात पडते, दुसऱ्यात ती पचवायला जागा राहते. फरक फक्त कुठले तास सायकलवर घालवले याचा. वाळवंटात पाणी किलोमीटरवर खर्च होत नाही, तासांवर खर्च होतं. आणि सगळे तास सारख्या किमतीचे नसतात.

मागे फिरायचं का, हा प्रश्नही याच हिशोबात बसतो. वारा समोरून असेल, तर मागे फिरल्यावर तोच वारा पाठीशी येतो, परत जाणं स्वस्त पडतं. उलट, वारा पाठीशी घेऊन मजेत लांब आलेल्याला परत जाणं सगळ्यात महाग. म्हणून पाठीमागचा वारा असतो त्या दिवशीच जास्त सावध राहावं लागतं.

घाम येतच नाही असं का वाटतं?

मुंबईत किंवा कोकणात सायकल चालवली की दहा मिनिटांत शर्ट पाठीला चिकटतो. हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम वाळत नाही. वाळवंटात नेमकं उलट. हवा इतकी कोरडी की घाम कातडीवर येतो आणि दिसायच्या आत वाळून जातो. अंग कोरडं राहतं. आपल्याला घाम येतच नाहीये असा समज होतो आणि माणूस कमी पाणी पितो. खरं काय ते शर्ट सांगतो: पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले असतात.

पाठीमागचा वारा इथेही फसवतो. वाऱ्याचा आणि सायकलचा वेग सारखा झाला की अंगाला वाराच लागत नाही. वेग छान असतो, पण घाम वाळायला मदत कमी होते आणि शरीर तापत जातं.

'भरपूर पाणी प्या' हा सल्लाही अर्धाच बरोबर आहे. घामाबरोबर मीठही जातं. तासन्‌तास नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम कमी होऊन डोकेदुखी, मळमळ, गोंधळ आणि पुढे फेफरंही येऊ शकतं. म्हणून पाण्याबरोबर ओआरएस किंवा खारट खाणं हवंच.

उष्माघाताची खूण कुठली? घाम थांबणं ही खूण भरवशाची नाही. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात घाम येत असू शकतो. खरी धोक्याची घंटा म्हणजे वागण्यातला बदल: असंबद्ध बोलणं, चिडचिड, तोल जाणं. अशा वेळी माणसाला सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि ताबडतोब मदत मागायची. एकट्या सायकलस्वाराची खरी अडचण इथेच आहे. डोकं गोंधळलं की ते गोंधळलंय हे सांगायला शेजारी कोणी नसतं. म्हणूनच थांबायचा निर्णय डोकं ताळ्यावर असताना, सकाळी दहालाच घ्यायचा.

दुपारी १ ते ४: काहीच न करण्याचं काम

ताडपत्रीखाली पडून रस्त्याकडे पाहिलं की दूरवर पाणी चमकताना दिसतं. हे मृगजळ. डांबराला लागून असलेली हवा वरच्या हवेपेक्षा खूप गरम असते. त्यामुळे आकाशातून येणारा प्रकाश वाकून डोळ्यापर्यंत पोचतो. म्हणजे आपल्याला दिसतं ते पाणी नव्हे, जमिनीवर दिसणारं आभाळ असतं.

या पठाराची खरी ओळख पटते ती अशा दुपारी. डिसेंबर २०१९ मध्ये नलारबोर इथे ४९.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं गेलं होतं. म्हणूनच शहाणे सायकलस्वार इथे भर उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत, येत नाहीत.

या जमिनीचे मूळ रहिवासी न्गाजू आणि मिरनिंग लोक. इथे कसं राहायचं ते त्यांना माहीत होतं. खडकातल्या नैसर्गिक खड्ड्यांत साठलेलं पावसाचं पाणी कुठे सापडेल याचं ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या जपलं गेलं. अशा खड्ड्यांवर दगड किंवा फांद्या झाकून ठेवत, म्हणजे पाणी उडून जात नाही आणि जनावरंही पडत नाहीत. १८४१ मध्ये एडवर्ड जॉन एअर हा इंग्रज प्रवासी इथून पार झाला. त्याच्या शेवटपर्यंत सोबत होता तो वायली नावाचा आदिवासी तरुण. पाणी मिळेना तेव्हा एअरने पहाटेचं दव स्पंजने टिपून घेतलं होतं. आजच्या हायवेला त्याचंच नाव आहे.

सायकलवरून ही वाट पहिल्यांदा पार केली आर्थर रिचर्डसन याने. नोव्हेंबर १८९६ मध्ये तो कूलगार्डीहून निघाला आणि ३१ दिवसांनी अ‍ॅडलेडला पोचला. रस्ता नव्हता, तारायंत्राच्या खांबांचा माग धरून गेला. सोबत थोडंसं सामान आणि पाण्याची एक पिशवी!

वाळवंटात सायकल घालणाऱ्यांत मुंबईकरही मागे नव्हते. ऑक्टोबर १९२३ मध्ये सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यातले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी तो पूर्ण केला आणि १९२८ मध्ये ते परतले. इराण, इराक, सिरिया आणि सिनाईचे वाळवंटी भाग त्यांनी गिअर नसलेल्या सायकलींवर पार केले.

संध्याकाळी ६ नंतर: रात्री का चालवू नये?

ऊन नाही, वारा पडला, मग रात्रीच अंतर का कापत नाहीत? कारण सूर्य मावळला की कांगारू चरायला रस्त्याकडे येतात आणि ट्रक मात्र थांबत नाहीत. या हायवेवर उंट, वॉम्बॅट आणि कांगारू अशी तिन्ही प्राण्यांची चित्रं असलेल्या पिवळ्या पाट्या प्रसिद्ध आहेत. हे उंट मूळचे इथले नव्हेत. एकोणिसाव्या शतकात ते भारतीय उपखंडातून जहाजाने आणले गेले. १८६० च्या एका गाजलेल्या मोहिमेचे उंट कराची बंदरातून निघाले होते आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती.

म्हणून अंधार पडायच्या आत रस्त्यापासून बरंच आत, गाडीच्या दिव्यांच्या झोतात येणार नाही अशा जागी तंबू लागतो. हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र असल्यामुळे जमिनीची उष्णता भराभर निघून जाते आणि रात्री पुन्हा थंडी पडते. वर आकाशगंगा. उशिरा रात्री मृग नक्षत्र उगवतं, पण आपल्याला माहीत असलेल्या मृगाच्या उलटं, डोकं खाली पाय वर.

झोपण्याआधी शेवटचं काम पुन्हा तेच: बाटल्या मोजणं. चार लिटर. हिशोब जुळला.

आणि नाही जुळला तर?

एअर हायवे अगदी निर्मनुष्य नाही. ट्रक आणि कॅराव्हॅन घेऊन फिरणारे निवृत्त लोक जात-येत असतात. रिकामी बाटली हातात उंच धरली की बहुतेक गाड्या थांबतात, पाणी देतात. मोबाइलला बराच वेळ रेंज नसते, म्हणून जाणकार सायकलस्वार उपग्रहावरून संकटाचा इशारा पाठवणारं छोटं यंत्र बाळगतात. १९२८ पासून काम करणारी रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस ही विमानसेवा दुर्गम भागात डॉक्टर पोचवते. या हायवेचे काही तुकडे तर विमान उतरावं म्हणून रंगवून राखून ठेवले आहेत.

पण ही सगळी मदत चूक झाल्यावर वापरायची. 'कोणीतरी थांबेलच' हे गृहीत धरून दोन लिटर पाणी कमी भरणं म्हणजे आपली जबाबदारी अनोळखी माणसाच्या गाडीवर टाकणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी

पहाटे पाचला सायकल पुन्हा निघते. दहाच्या सुमारास क्षितिजावर कायगुनाचा पेट्रोल पंप दिसायला लागतो. तिथे एक गंमत आहे. इथून पुढच्या काही रोडहाऊसमध्ये घड्याळ पर्थपेक्षा ४५ मिनिटं पुढे चालतं. या वेळेला सरकारी मान्यता नाही, तरी लोक पाळतात. दहाला पोचलेल्या सायकलस्वाराला पावणेअकरा वाजलेले दिसतात.

ऑस्ट्रेलियाला जाणं प्रत्येकाला जमणार नाही. पण कच्छच्या रणाकडे, जैसलमेरच्या रस्त्यावर किंवा एप्रिल-मे महिन्यात मराठवाड्यातून सायकल घेऊन निघणारे आता कमी नाहीत. त्यांच्यासाठीही रीत हीच आहे. निघताना 'पुढचं गाव किती किलोमीटरवर?' हा प्रश्न अपुरा आहे. आजच्या वाऱ्यात आणि आजच्या उन्हात तिथे पोचायला किती तास लागतील, हे विचारायचं. तेवढ्या तासांचं पाणी भरायचं, वर एका मुक्कामाचं जास्तीचं. आणि दहा वाजता वारा सुटला, तर सावली बघून थांबायचं. तिथे थांबणारा दुसऱ्या दिवशी सकाळी धडधाकट पोचतो, हातात एक लिटर पाणी राखून.